आघाड्यावरची काटेपाय

बोरिवली,
मंगळवार, २६ ऑगस्ट १९८६

ती. नीलाआत्यास,
नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला ओसरला.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. 'नवव्या दिवशी काटेपाय अंडी सोडून निघून गेली' असं मी लिहिलं होतं. ती गेली नव्हती. मालनताई, आत्याला वाचून दाखवताना पुढचं काही गाळू नका.

मला शाळेत घालायच्या आधी तू मनोरीला कुंपणाशी उकिडवं बसवून ही कोळीण दाखवली होतीस. मला दिसेना, तर म्हणालीस, "डोळे आहेत की बटणं?" मग पायांवरचे काटे दिसले. जाळं विणत नाही, दबा धरून उडी मारते, हे मी बाराखडीआधी शिकले. परतताना तरीच्या होडीत मी विचारलं, ही घरी कधी जाते? तू म्हणालीस, "अंडी असली की कुठ्ठे जात नाही." आणि न पाहिलेलं लिहायचं नाही, हेही तेव्हाच.

पहिल्या श्रावणी शुक्रवारी आईनं जिवतीच्या माळेसाठी आघाडा आणायला सांगितलं. कॉलेजची घाई होती. बिल्डिंगमागून ओरबाडून आणला. संध्याकाळी बघायला गेले तर तुझ्या टिपणासाठी मी रोज बघत होते तोच, काटेपायचा तुरा तुटलेला. तोडली म्हणण्यापेक्षा गेली म्हणणं सोपं वाटलं. तसं लिहून टाकलं. मग आईनं मला पाटावर बसवून ओवाळलं. काटेपाय समोर माळेतच होती.

हे शनिवारी निर्माल्य काढताना कळलं. मसुराच्या डाळीएवढी ती अंड्यांची पुरचुंडी, आणि तिला आठही पायांनी धरून ती. पाठीवर हळद. मेलेली.

पत्र तेव्हा माझ्या पिशवीतच होतं, आत्या. तरी मी ते पेटीत टाकलं.

तुझं उत्तर आलं, 'चाळीस वर्षं मी चुकीचं समजत होते. माझे डोळे गेले, आता तुझेच खरे.' टिपणातलं स्वतःचं वाक्य तू मालनताईंना खोडायला लावलंस.

टिपण सोमवारी मासिकाकडे जायचं आहे ना? ते थांबव. ती आणि तिची पुरचुंडी, दोघी काड्यापेटीत जपून ठेवल्या आहेत. तुझं वाक्य माझ्या हातानं परत लिहीन, आणि ती कुणामुळे मेली तेही. खाली 'तुझी' लिहायचं तोवर राहू दे.

मुलुंडला तुझ्याकडे येते. शुक्रवारी, २९ तारखेला, सकाळी.

अनुपमा