हाक आणि आलेले

प्रिय चिमे,

फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस, नोकरी सोडून येऊ का, आणि मी पुन्हा तेच म्हटलं, काही गरज नाही, आईचं मी बघते. फोनवर माझं तोंड असंच चालतं. कागदावर जरा थांबता येतं, म्हणून लिहायला बसले.

आई आता मला ओळखत नाही. तिच्या लेखी मी कामाला ठेवलेली बाई, तीही चोरटी. परवा माझीच पिशवी उपडी करून तपासली. दिवसभर तुझ्या नावानं हाका मारते, मी जवळ गेले की तोंड फिरवते. जिच्याशी भांडण्यात उभा जन्म गेला, तिनं साधी ओळखही देऊ नये, म्हणजे हद्द झाली.

कामावर नवीन हाडं आलीत. संग्रहालयाच्या तळघरात मी काय करते ते तू सगळ्यांना सांगतेसच, मेलेल्यांची धुणीभांडी. ही जमिनीतून झिरपणाऱ्या डांबराच्या खड्ड्यातली आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. जनावरं मांजराच्या जातीचीच, पण वाघाएवढी, वीतभर सुळ्यांची. अशा खड्ड्यातल्या हाडांचे आम्ही दोन ढीग करतो. एखादा रानबैल डांबरात रुततो, ओरडतो, तो 'हाक'. त्याला खायला धावलेली आणि तिथंच अडकलेली जनावरं, ते 'आलेले'. हाक एखादीच असते, आलेल्यांनी टेबलं भरतात.

या वेळी हाकच सापडेना. बैलाचं हाड औषधालासुद्धा नाही, नुसते सुळेवाले. सगळ्यांत खाली एक म्हातारी, खुबा कधीतरी मोडून वेडावाकडा जुळलेला. असल्या खुब्यानं शिकार व्हायची नाही, तरी ती त्यानंतर बरीच जगली, हाड बघून कळतं. कुणीतरी तिला आपल्यातलं खाऊ देत असणार. मी सवयीनं तिला 'आलेले'त टाकून मोकळी झाले होते. नंतर डोक्यात उजेड पडला, हाक तीच होती. बाकीचे तिला खायला नाही, तिच्यासाठी उतरले. आमचे साहेब हसले, म्हणाले याला पुरावा काय. नसेल पुरावा. मी तिला उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवली.

पुढे ती जातच संपली. हवा बदलली, मोठी जनावरं गेली, माणसं भाले घेऊन आली. सशामागं धावायला ते सुळे काय कामाचे? शेवटी कुठंतरी एकटंच उरलं असेल एखादं. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्या आलेल्यांचं जास्त. धडधाकट होते गं सगळे. म्हणूनच तुला नको नको म्हणत आले. तुझं तिथं आत्ता कुठं बस्तान बसतंय, इथं आलीस की तूही रुतशील.

काल दुपारी आई झोपली होती. तिची उशी घसरली होती, ती नीट करायला घेतली आणि तशीच हातात धरून उभी राहिले. नीट करायचं कधीच मनातून गेलं होतं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, शेजारीण किल्ली मागायला आली होती. मी उशी ठेवली आणि दार उघडलं. आई बरी आहे, सकाळी दूध प्यायली, मला शिव्याही दिल्या. पण शेजारीण रोज किल्ली विसरणार नाही, चिमे. मला माझी भीती वाटते. मिळेल त्या गाडीनं निघून ये.

वाट बघणारी, तुझीच
ताई