डावीकडची मोकळी जागा

१ मार्च, रविवार
मारुती म्हशीला धडकला. सकाळी दूध कट्ट्यावर, समोरच म्हैस पिळून देतात तिथं, धारोष्ण दुधाला गेलो होतो, दोघे, नेहमीसारखे. ग्लास घेऊन वळला तो थेट डावीकडून येणाऱ्या म्हशीच्या पोटावर. सदरा दुधानं भिजला. गवळी म्हणाला, "काका, एवढी काळीभोर दिसली न्हाय व्हय?" सगळे हसले, मारुतीही. मला हसू येईना. तालमीच्या फुटबॉल टीमचा हाफ होता हा, मधल्या फळीतला. उभ्या जन्मात त्याला बेसावध कुणी गाठलं नव्हतं.

४ मार्च, बुध.
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा, उजवा कडेकडेनं आत चाललाय. "गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं तर ऑपरेशन लवकर करा." तारीख दिली, १४.
मारुती म्हणाला, "फुटबॉलची फायनल पंधराला हाय. ती बघतो, मग कापा."
बाहेर आल्यावर सुमनवहिनी हळूच, "भावजी, तुमचंच ऐकतील. उशीर केला आणि तोही गेला तर..."
मी बरं म्हटलं. पण त्याला काय सांगू? ऑपरेशननंतर दिसेलच असं डॉक्टरसुद्धा बोलले नाहीत.

७ मार्च, शनि.
सेमीफायनल. त्याचा हात धरून स्टेडियमच्या पायऱ्या चढलो. शेंगा घेतल्या. थोड्या वेळानं म्हणाला, "नळीतनं बघितल्यागत हाय रं. बॉल सापडला तर माणसं न्हाईत, माणसं सापडली तर बॉल न्हाय. तूच सांग."
सांगू लागलो. बॉल कबुतरासारखा उठला, उन्हात गिरकी घेतली वगैरे. शाळेतल्या कवितांची खोड, या वयातही जात नाही.
"कविराज, गप. बॉल कुठं हाय ते अख्खं स्टेडियम वरडून सांगतंय. मोकळी जागा कुठं हाय ते सांग."
बघितलं. नुसती माणसंच दिसत होती. माझे डोळे धड असून.
आपण जिंकलो. उतरताना तोच म्हणाला, "चौदालाच करू. फायनलला येऊन तरी काय बघणार मी?"
वहिनींना सांगितलं. त्यांना बरं वाटलं. मला नाही.

८ मार्च, रवि. रंगपंचमी
डोळ्यात रंग नको म्हणून वहिनींनी त्याला आतच ठेवलंय. बाहेर पोरांचा दंगा. शेजारी बसून राहिलो.
पळण्यात तो कधीच पहिला नव्हता, किकमध्येही दम नव्हता. बॉल यायच्या आधी मान दोनदा फिरवायचा, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसारखी. मग बॉल अडवायचाच नाही. आलेल्याला नुसती वाट दाखवायचा. मी डाव्या कडेला, तोंडात सहावीच्या पुस्तकातली कविता, लक्ष भलतीकडे. मागून हाक यायची, "पळ कविराज, मागं बघू नको!" पळायचो. बॉल बरोबर पायाशी यायचा. टाळ्या मात्र मला.
आज विचारलं, "मी कुठं असेन ते तुला दिसायचं कसं रे?"
"दिसतंय कुठलं? आधी बघून ठेवायचं. मग माणसं हलत्यात, जागा हलत्यात. त्यो अंदाज."

१३ मार्च, शुक्र.
संध्याकाळी त्याच्याकडे. घरभर फिरत होता. प्रत्येक दारात थांबून मान डावीकडे, मग उजवीकडे. वाटलं काही हरवलंय. नंतर उमगलं, बघून ठेवतोय.
वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांच्याकडे किती वेळ...
"काय बघताय हो मघापासनं?"
"काय न्हाय. साडी चांगली हाय."
"जुनीच हाय की."
कप ठेवून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहा निवला. आम्ही दोघं तसाच प्यालो.

१४ मार्च, शनि.
झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टर "बघू" म्हणाले. पट्टीमुळे त्याला अंधारच सगळा. माझा हात सोडेना.

१५ मार्च, रवि.
फायनल. एकटाच गेलो. जायचं नव्हतं, त्यानंच हाकललं.
मध्यंतरानंतर वहिनींचा फोन. "भावजी, ह्यांच्या कानाला लावते."
"हं, सांग."
कबुतर नाही, ऊन नाही. बॉलवरून नजर काढली. पहिल्यांदा जड गेलं. मग हळूहळू दिसायला लागलं, माणसांच्या मधलं हिरवं. "मधे गर्दी हाय. आपला हाफ अडकलाय. उजवीकडं दोघं त्यांचे."
"आणि डावीकडं?"
"डावीकडं कोण न्हाय. पार कोपऱ्यापर्यंत मोकळं."

"मग पळ की, कविराज. मागं बघू नको."
मी उठून उभा राहिलो.
मागून कोणी ओरडलं, "ओ काका, बसा की खाली! दिसंना झालंय!"
पट्टी उद्या सकाळी काढणार.