तीन पिल्लं आणि औषधवाला दाणा

३ मार्च
मुलगी हंसाची तीन पिल्लं खोक्यात घालून ठेवून गेली. महिनाभर सांभाळायची, मग तळं असलेल्या एका बाईकडे द्यायची. जाताना म्हणाली, बाबा, लक्ष ठेवा. बाबा! मी समोर उभी होते. छत्तीस वर्षं पन्नास-पन्नास मुलींचे वर्ग सांभाळले. तीन पिल्लं म्हणजे डाव्या हाताचा मळ.

४ मार्च
दाण्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, बाई, हा कोंबडीच्या पिल्लांचा औषधवाला दाणा, बदकाबिदकांना देऊ नका. सांगितलं, एक तर ती बदकं नाहीत. दुसरं, पिशवीवर ‘मेडिकेटेड’ असं स्वच्छ इंग्रजीत छापलंय. औषध घातलेलं अन्न वाईट कसं असेल? वाचता येत नाही आणि सल्ले देतात. पाच किलो घेतला.

६ मार्च, सकाळी ७
टाइमटेबल भिंतीवर लावलं. दोन पिल्लं लोचट निघाली, सारखी ह्यांच्या मागे अंगणात. शिस्त ह्यांनी कधी कुणाला लावली आहे? धाकटं माझ्या खोलीत असतं, माझ्या हातून दाणा खातं. हुशार आहे.

१० मार्च
धाकटं चार पावलं टाकून बसतं. आळस. शेवटच्या बाकावर असं एक असायचंच. उद्यापासून कवायत.

११ मार्च
फरशीवर त्याचे पाय दोन बाजूंना फाकले. फरशी पुसणारीला बोलले, फिनाईल कमी घाल. ती म्हणाली, आजी, त्याला गवत चारा की, ती दोघं साहेबांबरोबर गवतच तर खातात. मी हिची आजी कधी झाले?

१३ मार्च, दुपारी
उभंच राहत नाही. दाणा दुप्पट केला, म्हणजे औषधही दुप्पट जाईल. ह्यांनी गवत बारीक चिरून वाटीत आणलं. वाटी परत नेऊन दिली. एका वर्गाला दोन मास्तर नकोत.

१४ मार्च
मान टाकतंय. हाक मारली की डोळा उघडतं. एवढं पुरे, असं सकाळपासून स्वतःला सांगते आहे.

१५ मार्च
जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, हा दाणा ह्या पक्ष्यांचा नाहीच. पायांना जे जीवनसत्त्व लागतं ते ह्यात कमी, आणि औषध नको ते. दुकानात कुणी सांगितलं नाही का? मग विचारलं, ह्याला भरवतं कोण? मी म्हटलं, हे.
हे खोक्याचं झाकण नीट करत बसले.

१६ मार्च
दर दोन तासांनी थेंब. ह्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं, मला म्हणाले, तू मान धर. धरली. केवढीशी ती मान.

१७ मार्च
सकाळी गेलं. ह्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा केला. डॉक्टरने पंधराऐवजी चौदालाच वेळ दिली असती तर वाचलं असतं. तरी मूळ दोष कंपनीचा. तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं, कडक इंग्रजीत. तिसरं वाक्य ‘दुकानदाराने बजावूनही’ असं निघालं. खोडलं. पुढे सुचेना.

१८ मार्च, संध्याकाळी
मुलीचा फोन. बाहेरच्या खोलीतून ह्यांचं बोलणं ऐकू येत होतं. माझीच हयगय झाली, म्हणाले, दाणा मीच चुकीचा आणला. ती बरंच बोलली असावी. हे नुसतं हो, हो करत होते. मग तिने मला बोलावलं. हे फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.
हात ओले आहेत म्हणून सांगितलं.
हात कोरडे होते.