पूर्ण मुलाखत मिळालीच पाहिजे

६ ऑक्टोबर, रविवार. हाउन्सलो, लंडन.
आजपासून रोजनिशी. कारण: इतिहासाला पुरावा लागतो.
आमच्या लोकल न्यूज चॅनलवर ‘एनएचएस की खाजगी इन्शुरन्स?’ अशी मालिका चालू आहे. एनएचएस म्हणजे इथली सरकारी, सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा. उघडउघड पक्षपात. काल इन्शुरन्सच्या बाजूने तीन जण, एनएचएसच्या बाजूने एकच, आणि त्या बिचाऱ्याला तोंड उघडलं की जाहिराती. मी गप्प बसणार नाही. चॅनलला मेल केला. उद्या परत करीन.
मेल चालू असताना वैजयंतीने जिन्याखालून हाक मारली. तिचं हिप गेलंय, वर जायला हात लागतो. आलोच म्हटलं. गेलो तेव्हा ती वर पोचली होती. म्हणजे जमतं तिला.

९ ऑक्टोबर
ऑफिसचा मेल. मेडिकल इन्शुरन्समध्ये बायकोचं नाव घालायची मुदत ३१पर्यंत. जुनी दुखणीही कव्हर. दरवर्षी येतो, दरवर्षी मी नकार देतो. यंदा वैजयंतीने माझ्या खांद्यावरून वाचला. या वेळी घालता का हो माझं नाव, म्हणाली.
तिला शांतपणे समजावलं. यंदा मंडळाच्या गणपतीत मी ‘रांगेत सगळे समान’ या विषयावर बोललो. टाळ्या पडल्या. मंडळाचा अध्यक्ष विनय पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता. आता माझीच बायको मागच्या दाराने आत शिरली तर कसं दिसेल?
ती म्हणाली, दुखायचं ते कसंही दिसलं तरी दुखतंच. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही. गेल्या हिवाळ्यापासून ती वेटिंग लिस्टवर आहे. नंबर येईल. विश्वास हवा.

१५ ऑक्टोबर
विजय! चॅनलचं उत्तर आलं. ऑपरेशनची वाट बघणाऱ्या कुटुंबाची मुलाखत हवी आहे. शनिवारी येणार. म्हणजे मीच.
मुद्द्यांची कार्डं केली. केस कापले. निळा शर्ट इस्त्रीला वैजयंतीकडे दिला. तिला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून बसून केली. हौशी आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार
आले. एक रिपोर्टर मुलगी, एक कॅमेरावाला. मी सविस्तर बोललो. मध्ये कॅमेरावाल्याला बॅटरी बदलावी लागली, यावरून काय ते समजावं.
सगळी कार्डं संपायच्या आत बाहेर पार्किंगचा माणूस त्यांच्या व्हॅनला दंडाचं तिकीट लावायला आला. मी धावलो. त्याला कौन्सिलचे नियम नीट समजावून दिले, त्यात वेळ गेला. तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरात वैजयंतीशी थोडं बोलून घेतलं. पार्श्वभूमी म्हणून असणार.
परत आलो तर रिपोर्टरचे डोळे पाणावलेले. पोह्यांसाठी कांदा चिरला होता. इथले कांदे फारच झोंबरे.

२४ ऑक्टोबर
अख्ख्या मंडळाला मेसेज केला होता. लागला एकदाचा कार्यक्रम.
मी दिसलो. म्हणजे माझा हात दिसला, पोह्यांची प्लेट घेताना. माझा एक शब्द नाही!
वैजयंतीचं एक वाक्य. वाट बघायची मला सवय आहे, असं म्हणून हसली, आणि कट. सरळ कात्री. जागेवरच चित्र हललं, कोणालाही दिसेल. उघड आहे: त्यापुढे ती माझी भूमिका मांडत असणार आणि तेच त्यांना नको होतं. काय बोललीस म्हणून विचारलं. आठवत नाही, म्हणाली. इतकी साधी आहे.
लीड्सहून अन्वीचा फोन. लेक इथेच जन्मली, मराठी तशीच. म्हणाली, बाबा, आई किती बारीक झाला. मग म्हणाली, ते ऑफिसचा फॉर्म भरलात का? तिला म्हटलं, आधी तक्रार, मग फॉर्म. तिकडून फोन बंद झाला. लाइन खराब असावी.

३१ ऑक्टोबर
तक्रार तयार. शीर्षक: ‘पूर्ण मुलाखत मिळालीच पाहिजे’. सहा पानं, तीन परिशिष्टं.
फॉर्मची मुदत आज संपते. खूप विचार केला. तक्रार चालू असताना नाव घातलं तर चॅनलच्या हातात कोलीतच. तक्रारदाराचीच बायको प्रायव्हेटमध्ये, म्हणतील. पुढच्या वर्षी ताठ मानेने घालू.
वैजयंती स्टुलावर बसून चकल्या पाडत होती, उद्या लक्ष्मीपूजन. तिला सांगितलं. बरं, म्हणाली. एवढंच. वाद नाही, कुरबुर नाही. अशी साथ मिळायला भाग्य लागतं.

१४ नोव्हेंबर
चॅनलचं उत्तर. बातमी समतोल होती म्हणे. वैजयंतीचं बाकीचं बोलणं ‘योग्य कारणासाठी’ वगळलं, आणि तिची लेखी संमती असल्याशिवाय दाखवणार नाहीत. सापडले! लपवण्यासारखं काही नसतं तर लपवलं असतं का?
दुसरी बातमी: वैजयंती ऑपरेशन पुण्यात करून घेणार. तिची बहीण आश्लेषा तिथे असते, तिने डॉक्टर-बिक्टर सगळं ठरवलंय. मला आज सांगितलं. मी विरोध केला नाही. माझं तत्त्व ब्रिटनपुरतं आहे.
तिकीट एकाच बाजूचं काढलंय. हुशारी आहे. बरं व्हायला किती दिवस लागतील कोणी सांगावं.

२२ नोव्हेंबर
संमतीपत्र वैजयंतीपुढे ठेवलं. खरंच बघायचंय तुम्हाला, तिने विचारलं. सत्य बाहेर आलंच पाहिजे, मी म्हटलं. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. मग चष्मा लावला आणि सही केली.
नंतर दिवसभर माझ्यासाठी आमट्या, भाज्या करून फ्रीजर भरत होती. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. बसून घे म्हणालो मधूनमधून.

२५ नोव्हेंबर
हीथ्रो. मी ऑपरेशनच्या वेळी जाणारच होतो, पण नेमकी त्याच दिवशी चॅनलच्या तक्रार समितीची सुनावणी आली आहे, फोनवर. तारीख बदलून मागितली तर माघार घेतल्यासारखं होईल. वैजयंती म्हणाली, तुम्ही तुमचं करा. मोठ्या मनाची.
व्हीलचेअर मला ढकलायची होती. तिथला माणूस म्हणाला, इथून पुढे आम्ही. हात केला. तिने मागे पाहिलं नाही. व्हीलचेअरवरून वळणं अवघडच असतं.

५ डिसेंबर
ऑपरेशन झालं. आश्लेषाचे मिस्ड कॉल सुनावणी संपल्यावर पाहिले. सगळं नीट आहे म्हणाली. मी सुनावणीबद्दल सांगायला लागलो, तर भावोजी, मी नंतर बोलते, म्हणाली.
समितीने तक्रार फेटाळली. पण पूर्ण मुलाखत पाठवणार. शेवटी खरं तेच जिंकतं.

११ डिसेंबर, सकाळी
लिंक आली. चहा घेतला. वहीत दोन रकाने आखले: ‘काय कापलं’ आणि ‘का कापलं’. बसतो.

११ डिसेंबर, दुपारी
लिहून ठेवतो.
वैजयंती ओट्याशी बसली आहे. फॅमिली डॉक्टरशी बोलते तसं सावकाश इंग्लिश. रिपोर्टर विचारते, मिस्टरांच्या ऑफिसचा इन्शुरन्स नाही का? आहे, ती म्हणते. दरवर्षी विचारतात. ते नको म्हणतात. का? तर म्हणते, त्यांना सगळ्यांची काळजी असते. मी सगळ्यांतली एक.
मग म्हणते, हॉस्पिटलवर राग नाही. त्यांनी निदान उशीर होतोय म्हणून सॉरीचं पत्र पाठवलं. जिना मी बसून, एकेक पायरी चढते. ते तेव्हा बातम्या बघत असतात. कुठे दुखतं, असं त्यांनी अजून विचारलेलं नाही.
तेवढ्यात मागून माझा आवाज येतो, बाहेर पार्किंगवाल्याशी भांडतोय. तो ऐकून ती हसते. डोळे पुसते आणि हसते. कांदा अजून चिरलेलाही नाही.
आणि त्या मुलीचा हात धरून म्हणते, हे दाखवू नका हं. ते तुमची एकही बातमी चुकवत नाहीत. चारचौघांत त्यांना फार लागेल. मुलगी विचारते, मग काय ठेवू? वाट बघायची मला सवय आहे, एवढंच ठेवा, ती म्हणते.
संपलं.

१२ डिसेंबर
‘का कापलं’ या रकान्यात एकच ओळ आली: माझ्यासाठी.
अपील करणार नाही.
आज जिना बसून चढून पाहिला. किती वेळ लागतो! आणि मी खाली बसून आलोच, आलोच.

२० डिसेंबर
रोज फोन करतो. ती बोलते. जेवलात का विचारते, डबे पुरतात का विचारते. मुलाखतीबद्दल ती काही विचारत नाही आणि मला काढता येत नाही. आज ठरवून बसलो होतो. कुठे दुखतं, एवढंच विचारायचं. मोठ्याने म्हणूनही पाहिलं, आवाज फाटू नये म्हणून.
फोन आश्लेषाने उचलला. ताई खाली भाजी आणायला गेलीय, म्हणाली. एकटीच. आता नुसती काठी पुरते तिला. दुखत नाही काही.
म्हटलं, मी फोन धरून थांबतो. नका थांबू भावोजी, ती म्हणाली, तिला वेळ लागतो. सावकाश जाते, सगळ्यांशी बोलत येते. खूश आहे हो.
परत कधी येणार म्हणते, विचारलं. ते काही बोलली नाही अजून, आश्लेषा म्हणाली.
शेवटचा डबा फ्रीजरमधून काढला. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात: आधी गरम करा, मग बातम्या.
गरम केला. टीव्ही लावला नाही. फोन समोर ठेवून बसलोय, ती भाजी घेऊन आली की करेल म्हणून.
मला सवय नाही.