उरुग्वे नावाच्या स्थळाची चौकशी

शॉमबर्ग,
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

ती. ताईस,

श्रीरामचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे खराखुरा साष्टांग आता जमत नाही. खाली गेलो की वर काढायला दोन माणसं लागतात. कागदावरचा गोड मानून घे.) तुझी शुगर काय म्हणते? डोळ्याचं ऑपरेशन छान झाल्याचं कळलं, म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो आहे. पानं जास्त दिसतील, मजकूर नेहमीइतकाच आहे.

फोनवरच बोललो असतो, पण मी फोन केला की शैलजा ऐकते, आणि या प्रकरणात माझी बायको फितूर आहे. प्रकरण असं, की आपली रीमा उरुग्वेला चालली आहे. फिरायला नव्हे, कायमची राहायला. जावई तुला आठवतच असेल. मातेओ. लग्नात तुझ्या पाया पडताना ज्याचा चष्मा तुझ्या पायावर पडला, तोच. दोघंही गुरांचे डॉक्टर, विस्कॉन्सिनला शिकताना भेटले, तिथेच नोकऱ्या, आमच्यापासून गाडीने दोन तासांवर. एक रविवार सोडून एक जेवायला येतात, आणि मी समजून चाललो होतो की आता जन्मभर हे असंच. तर मातेओची आई तिकडे एकटी आहे, शेत आहे, गुरं आहेत, तिच्याने आता उरकत नाही, म्हणून दोघं नोकऱ्या सोडून निघाले. रीमाने हे मला कुठे सांगावं? हायवेवर, मी ड्राइव्ह करत असताना, जिथून बापाला उठूनही जाता येत नाही.

तेव्हा ताई, सरळच सांगतो. तू तिला फोन कर आणि जाऊ नकोस म्हणून सांग. माझं ती ऐकून घेते, आत्याचं ऐकते.

आता तू विचारशील, त्या देशात वाईट काय आहे? तेच शोधायला बसलो. मुलगी द्यायची तर आपल्याकडे घराण्याची चौकशी करतात. आम्ही नुसता मुलगा पाहून दिली, बाकीचं राहूनच गेलं. म्हणून आता अख्ख्या देशाची चौकशी आरंभली. इथल्या मराठी मंडळात कोणाला काही माहीत असेल तर शपथ. आमचे श्रीरंग (हृदयाचे मोठे डॉक्टर, आता निवृत्त) म्हणाले, पॅराग्वे ना, छान आहे की! तो वेगळा देश आहे म्हटलं, तर म्हणाले, मग तोही छानच असेल. अशा माणसाने इतकी वर्षं लोकांची हृदयं उघडली.

सुरुवात पत्रिकेपासून करायची, पण पत्रिका नाही, म्हणून मातेओचा पासपोर्टच मागितला. दुसऱ्या जावयाने कशाला म्हणून विचारलं असतं. याने दोन्ही हातांनी आणून दिला आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेला. (अशा मुलाशी भांडायचं तरी कसं?) पासपोर्ट निळा, आपल्यासारखाच. वरती देशाची मुद्रा आहे, तिच्यात एक तराजू, एक टेकडी, एक घोडा आणि एक बैल. म्हणजे या दोघांचे पेशंट थेट राजमुद्रेवर! जन्मवेळ मात्र आत कुठेच नव्हती. ती विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात शैलजाने माझ्याकडे पाहिलं, मग चहाच प्यालो.

भूगोलाकडून फार आशा होत्या. त्या देशातलं सगळ्यात उंच शिखर पाचशे चौदा मीटर. ताई, आपली सांगली त्याहून उंचावर आहे! तू नुसती झोपाळ्यावर बसलीस तरी त्यांच्या शिखराकडे वरून बघतेस. पण ठेंगणेपणा हा काही स्थळ मोडण्याइतका दोष नव्हे. इतिहास पाहिला. एका अंगाला ब्राझील, दुसऱ्या अंगाला अर्जेंटिना, दोघंही त्याला आपापल्याकडे ओढत होते. शेवटी इंग्रजांनी मध्यस्थी करून १८२८ साली वेगळा संसार थाटून दिला. (इंग्रजांच्या मध्यस्थीनंतर भांडण मिटलं हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.) राज्यकारभार म्हणशील तर राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढवता येत नाही. हे मी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना मुद्दाम वाचून दाखवलं, ते त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत.

आणि मग सापडलं! १९७३ पासून बारा वर्षं तिथे लष्करशाही होती. मी कागद नाचवत जिना उतरून खाली आलो (गुडघे विसरून). शैलजा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पंच्याहत्तर साली आपल्याकडे काय चाललं होतं? आणि तुम्ही काय करत होतात?" मी काय करत होतो तुला माहीतच आहे. गप्प होतो. तसाच पुन्हा वर गेलो.

शेवटचा हुकमी मुद्दा गायींचा. त्या देशात माणसं पस्तीस लाख आणि गुरं त्याच्या तिपटीहून जास्त, आणि ती काही पोळ्याला सजवण्यासाठी पाळलेली नाहीत. हे मी रीमाला जरा चढ्या आवाजात ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, आय नो अबाउट युवर बर्गर्स." हा मुद्दा आपण इथेच सोडू.

मग काल विहीणबाईंना व्हिडिओवर गाठलं. ग्रासिएला नाव. माझ्याच वयाच्या, वाऱ्याने रापलेल्या, मागे गोठा दिसत होता. मातेओ मध्ये दुभाष्या. मी प्रश्न लिहूनच बसलो होतो. दवाखाना किती लांब, रात्री वीज जाते का, रस्ता कसा. पण त्यांनीच आधी विचारलं. रीमाला ताप आला की ती काय खाते? मातेओने भाषांतर केलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, मऊ भात आणि मेतकूट. मेतकूट त्याला येईना, मलाही इंग्रजीत येईना. मी उठून स्वयंपाकघरातून बरणीच आणली आणि कॅमेऱ्यासमोर उघडली. बाई पडद्याला नाक लावून पाहत होत्या, जणू वास येणार आहे. मग म्हणाल्या, भात किती मऊ? मी बोटांनी दाखवलं. त्यांनी त्यांच्या बोटांनी तसंच करून दाखवलं आणि विचारलं, असा? मी म्हटलं, थोडा आणखी. त्यानंतर माझ्याच्याने पुढचे प्रश्न वाचवेनात. ती बाई किती वर्षं मुलाची वाट बघत होती, हेही मी विचारणार नव्हतो, पण तिच्या तोंडावर ते दिसत होतं. एका घराचा रविवार भरायचा तर दुसऱ्या घराचा रिकामा होणार, आणि इतकी वर्षं तो त्यांचा रिकामा होता. मला फार वाईट वाटलं, ताई, आणि कोणासाठी ते कळेना.

असो. तब्येतीला जप, डोळ्यांत थेंब वेळेवर घाल, आणि झोपाळ्यावर जपून बस.

तुझा धाकटा,
श्रीराम

ता. क. मेतकुटाचं तुझं प्रमाण कळव. इथलं पाकिटातलं ठीक असतं, पण ग्रासिएलाबाई घरी दळणार म्हणतात. डाळी तिकडे मिळतात का ते मातेओ बघतो आहे. हिंगाचं मी बघतो.

ता. क. २. रीमाला फोन करू नकोस. केलाच तर तब्येतीचं बोल, बाकी काही नको.

ता. क. ३. फोन मला कर, शैलजा ऐकत असली तरी चालेल. मी अमेरिकेला निघालो त्या सकाळी आई रडून बेजार झाली होती, मला घराबाहेर पडू देईना. तू तिला स्वयंपाकघरात नेलंस, दार लोटून घेतलंस, आणि ती बाहेर आली ती हातात ओवाळणीचं ताट घेऊनच. आत तू तिला काय सांगितलंस, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारतो आहे. तेवढं मला सांग.