चौदा कोंबड्या आणि माझा एक दात

आणि कोंबड्या दिवस मावळला की आपणहून घरी येतात, हे जे तू चार वर्षांपूर्वी अंगणात उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस ना आत्या, ते साफ खोटं आहे. माझ्याकडे पुरावा आहे. एक-दोन नाही, चौदा पुरावे आहेत, आणि हे लिहितोय तेव्हा त्यातला एक माझ्या डाव्या चपलेवर बसलाय. "तुझ्यापेक्षा माझ्या कोंबड्या बऱ्या, मावळतीला घरी तरी येतात!" हे तुझं वाक्य घेऊन मी घर सोडलं आणि तेव्हापासून ते खिशात घेऊन फिरतोय. आता मी कोंबड्यांतला माणूस झालोय, तेव्हा ऐक. आपणहून कुणी येत नाही. हाक मारावी लागते.

नमस्कार राहिलाच. ती. आत्यास, तुझ्या तुऱ्याचा वाकून, डोकं टेकून नमस्कार. (पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असा धडा होता, पण तो सहावीत होता. सहावीत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो, आणि दुसऱ्यांदा बसलो तेव्हा खिडकीबाहेरच होतो.) गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालतेस ना, की बाटली नुसती फळीवर दिसायला ठेवलीयस? शिंपीकाकांनी कळवलं की तू नवी कवळी बसवलीस, वरची खालची दोन्ही, आणि आता हसलीस की दुसऱ्याच कुणाचा फोटो वाटतेस. हेही कळवलं की कवळी आल्यापासून तू हाक मारलीस तर तुझ्या पाचही कोंबड्या मान वाकडी करून, ही कोण बाई, असं बघतात. वाचून मी खूप हसलो, आणि मग हसायचा थांबलो. का ते पुढे येईल. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "जेवलास का" विचारतेस आणि मी "हो" म्हणेपर्यंत ठेवून देतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण ठेवू नकोस.)

कामाचं सांगतो. मी सध्या फाटकं बनवतो. (फाटक म्हणजे गेट. दुसरं फाटकं मी अंगात घालतो.) गेट, खिडक्यांच्या जाळ्या, दारांच्या कड्या, कोयंडे. हो, कड्या. हस. इथल्या निम्म्या शहराची दारं माझ्या हातच्या कड्यांनी बंद होतात, आणि तू अजून शिंपीकाकांच्या दुकानात बसून सांगतेस की याला एक खुराडं लावता आलं नाही. त्या कडीबद्दल मी तेव्हा सांगितलं तेच आज सांगतो: मी लावली होती. कडीच ढिली होती. आपल्या ठिपकी कोंबडीला मुंगसाने नेलं याचं मलाही वाईट वाटलं, पण दोष कडीचा. आता मी या धंद्यात आहे, त्यामुळे हे जाणकाराचं मत समजावं.

कारखाना एका बाईंचा आहे. मनाने चांगल्या आहेत, आवाज तेवढा पत्र्यावर घण घातल्यासारखा. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे दहा दिवसांची रजा मागितली. घरी जायचंय म्हणालो. "चार वर्षांत आठवलं नाही ते घर?" त्या म्हणाल्या, आणि मी कामाला लागलो. (तुला पटणार नाही, पण लागलो.) त्याच आठवड्यात त्यांनी घर बदलून चाललेल्या कुणाकडून चौदा कोंबड्या घेतल्या, आणि टोपल्या मागच्या आवारात आणून सरळ उघडल्या. ग्राइंडरमधून ठिणग्या उडाव्यात तशा चौदा तपकिरी कोंबड्या उडाल्या. तीन पेरूवर, दोन पत्र्यावर, एक भिंतीवर, एक कारखान्यातल्या मिस्त्रींच्या डोक्यावर, आणि बाकीच्या नुकत्याच रंगवून वाळत ठेवलेल्या गेटवर. ते गेट एका वकिलांचं होतं. त्यावर पंजांची नक्षी अजून आहे. वकिलांना वाटलं आम्ही मुद्दाम काढली, त्यांनी कौतुक केलं.

बाईंनी अट घातली. सलग आठ संध्याकाळी चौदाच्या चौदा कोंबड्या दिवे लागायच्या आत खुराड्यात दिसल्या, तर रजा. एक जरी कमी झाली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी छाती काढून म्हटलं, बाई, हे माझ्या आत्याच्या अंगणातलं काम आहे, मी त्यातच वाढलोय. म्हणजे आत्या, तुझं नाव मी सांगितलं आणि तुझं नाव घालवलं, दोन्ही एकाच दिवशी.

कारण पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्या मागे धावलो. दुसऱ्या संध्याकाळी गोणपाट घेऊन धावलो. तिसऱ्या संध्याकाळी मिस्त्री खुर्ची टाकून बघायला बसले. "तुऱ्या, तू त्यांना पकडतोयस की त्या तुला फिरवून आणतायत?" असं म्हणाले आणि चहा मागवला. मी एकीला धरून आत टाकेपर्यंत आतल्या दोघी बाहेर. हात वरून नेला की त्यांना घार वाटते, हे मला तेव्हा कुठे माहीत? सहाव्या संध्याकाळी मी सगळ्यात बारकीवर झेप घेतली, ती बाजूला झाली, आणि मी तोंडाने लोखंडी चौकटीला सलामी दिली. वरचा, पुढचा, डावीकडचा दात गेला. मी जमिनीवर शोधत होतो तेवढ्यात बारकी परत आली, तिने दाणा समजून तो उचलला आणि गिळला. तेव्हा माझा एक दात आज त्या कोंबडीत आहे, आणि बाई तिला विकत नाहीत कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, ती आता नोकरवर्गात मोडते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दात बसवायला पैसे दिले आणि डॉक्टरचा पत्ता दिला. ओरडून दिला, पण दिला.

गाल भोपळ्याएवढा सुजला, त्यामुळे धावणं बंद. मी रंगाचा रिकामा डबा पालथा घालून आवारात नुसता बसू लागलो. दुपारचं जेवण तिथेच. आणि आत्या, बसल्यावर त्या दिसायला लागल्या. तोपर्यंत मला कधी तेरा मोजून व्हायच्या, कधी पंधरा. बसल्यावर कळलं की एक मुकादमीण आहे, ती जाईल तिथे बाकीच्या जातात. एक ग्राइंडर आहे, तिचा आवाज तसाच, आणि कारण नसताना चालू होतो. दोघी जावा आहेत, एकमेकींचं पाणी पीत नाहीत. आणि एक आहे ती सगळ्यांच्या मागे, दारापाशी येते, आत बघते, मागे बघते, पुन्हा आत बघते. मिस्त्रींनी तिचं नाव शंका ठेवलं. मला वाटतं मी तिला ओळखतो. तिसऱ्या दिवशी मुकादमीण माझ्या ताटाशी आली. मी तिच्याकडे सरळ बघितलं नाही, वाकडा बसलो, हात खालून पुढे केला. हे मला कुणी शिकवलं म्हणून विचारशील, तर कुणीच नाही. तू तसं करायचीस, ते कुठेतरी राहिलं होतं.

आता तो मोठा प्रकार. त्या संध्याकाळी मी सहज, काही मनात न आणता, "ये" म्हटलं. नुसतं ये. पण दाताच्या फटीतून आधी शिट्टी गेली, "स्सी", आणि मग "ये, ये, ये". आत्या, तुझी हाक! तुझ्या पुढच्या फटीतून निघायची ती, तीच, वर चढून मग खाली येणारी. लहानपणी मी ती किती वेळा करून बघितली, आरशासमोर, दातात काडी धरून. कधी जमली नाही. आणि आता आपोआप निघाली आणि मुकादमिणीने मान वर केली. पण तिच्याआधी मी वर केली. खरं सांगतो, कुठून आली म्हणून मी मागच्या दाराकडे बघितलं. क्षणभर वाटलं तू बाह्या सारून, डाव्या हातात डब्याच्या झाकणात दाणे घेऊन उभी आहेस, आणि मागे चुलीचा धूर आहे, आणि मी पायरीवर पाटी पुसतोय. आठवतं ना, ती एकच हाक होती, कोंबड्यांनाही आणि मलाही? मी किती भांडायचो, की आत्या, मला वेगळी मार, पोरं मला कोंबडा म्हणतात. तू म्हणायचीस, "येणाऱ्याने यावं, ज्याला दाणे त्याला दाणे, ज्याला ताट त्याला ताट." मग त्या आणि मी एकाच रांगेत आत यायचो. माझा नंबर ठिपकीच्या मागे.

मी पुन्हा हाक मारली. मुकादमीण आली, तिच्यामागे जावा, ग्राइंडर, बारकी (माझ्या दातासकट), आणि एकेक करत सगळ्या खुराड्यात. शंकेने तीनदा मागे बघितलं आणि आली. मिस्त्री चहा हातात धरून उभेच. बाई म्हणाल्या, "हे तोंडाने केलंस तू?"

मग मी आठ दिवस खुराडं उघडलंच नाही. (बाई म्हणाल्या, कोंडलेल्या मोजायच्या नाहीत. कबूल म्हटलं.) पाणी, दाणे आत. आडवी काठी होती ती उंच बसवली, कारण कोंबडीला झोपायला वरची जागा लागते, ती आत नाही मिळाली की पेरूवर शोधते. जाळी वरूनही टाकली. आणि कडी नवी केली, दोन अंगांची, मुंगसाच्या बापाला उघडायची नाही अशी. त्यांचा दोष नव्हता गं. टोपली उघडली आणि जा म्हटलं, तर कोंबडीला कुठून कळणार की घर कुठलं? आधी काही दिवस आतच ठेवावी लागते, म्हणजे तिच्या डोक्यात ती जागा बसते. नंतर सोडली, पहिल्यांदा दिवस मावळायच्या जरा आधी, दुसऱ्या दिवशी त्याच्याही जरा आधी. रोज हाक, रोज चौदा. काल आठवी संध्याकाळ झाली. रजा पक्की. म्हणूनच काल मी हे पत्र तोऱ्यात सुरू केलं, की आपणहून कुणी येत नाही, आणि चार वर्षांत तू मला हाक मारली नाहीस.

पण आज बाईंनी विचारलं, "तू दहा दिवस नसलास तर हाक कोण मारणार? दात काय सगळ्यांचे पाडू?" तेव्हा बघावं म्हणून आज मी हाक मारली नाही. गेटच्या मागे उभा राहिलो, तोंड दाबून. ऊन पेरूवरून उतरलं. मुकादमीण उठली, अंग झाडलं आणि चालू लागली. तिच्यामागे सगळ्या. शंका दारापाशी थांबली, आत बघितलं, आणि या खेपेला मागे बघितलंच नाही. चौदा. मी दोनदा मोजल्या.

तर तुझं खरं. येतात आपणहून. सुरुवात खोडत नाही, एवढं लिहिलेलं खोडायला जिवावर येतं. पण तुझं खरं.

तुझा,
तुऱ्या

ता. क. कडी मी लावली नव्हती. तंबूत खेळ बघायला पळालो होतो. कडी चांगली होती.

ता. क. दुसरा. येत्या शनिवारी दिवस मावळायच्या आत पोचतो. हाक न मारताही येईन, ते आता ठरलं. तरी एक मागणं आहे, आणि खरं म्हणजे सगळं पत्र याच्यासाठीच. त्या संध्याकाळपुरती कवळी काढून ठेव, आणि झाकण घेऊन मागच्या दारात उभी राहा, आणि एकदाच ती हाक मार. कोंबड्यांना मारतेस असं शिंपीकाकांना सांग.

ता. क. तिसरा. दात बसवणार नाही. बसवला तर हाक जाईल, आणि दोघांपैकी एकाच्या तोंडात तरी ती राहायला हवी. डॉक्टरसाठी दिलेले पैसे बाई परत घेत नाहीत. त्यातून ठिपकीसारखी एक बघून ठेव, उरलेले थेंबांना. सोबत पाठवतोय, साडेनऊशे.