बंदुकीतला कापूस

तीर्थरूप सासूबाईंस,

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. मी पोथी उघडली की तुम्ही म्हणायच्या, "मोठ्यानं वाच वं, मनातल्या मनात गिळू नको." तेव्हा हे पत्र मी मोठ्याने वाचते आहे असं समजा. उद्या दुपारी हे अकोल्याहून रिकाम्या बैलबंड्या घेऊन परत येतील. त्याआधी एक गोष्ट मला कुणाला तरी सांगायची आहे. जिवंत माणसाला सांगायचा धीर अजून होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

नाल्याकाठचं वावर जळालं, सासूबाई. सगळं नाही, अर्धं. सगळा गाव म्हणतो की आपल्या सालगड्याच्या, गणूच्या चिलमीने जळालं. गणूही तसंच म्हणतो. पण ती आग माझ्या हातची आहे.

तुम्ही वैशाखात गेलात. त्यानंतर पेरणीला यांनी सगळीकडे कापसाची पऱ्हाटी टाकली. सगळ्यांनीच टाकली. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई चालू आहे आणि तिकडचा कापूस बंद झाला आहे, म्हणून इकडे व्यापारी दारात येऊन बसतात. लोकांनी परसातली वांगी उपटून सरकी लावली! नाल्याकाठच्या वावरात तेवढी ज्वारी राहिली, ती तुमच्यामुळे. तापात पडल्या पडल्या तुम्ही यांना विचारलं होतं, "सगळ्यात कापूसच टाकशीन तं पोरं खातीन काय? सरकी?" आणि माझा हात धरून म्हणालात, "थे वावर जवारीचंच ठेव." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पण ज्वारी पेरणं आणि ज्वारी राखणं यात किती अंतर आहे, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. तुम्ही मचाणावर बसायच्या, गोफण फिरवायच्या, आणि मला वाटायचं हरणं आपली येतात नि आपली जातात! यंदा चहूकडे पऱ्हाटी आणि मध्ये हा एकच ज्वारीचा तुकडा. पंचक्रोशीतली सगळी हरणं इथेच जेवायला. सकाळी येत, दुपारी येत, आणि ओरडलं तर मान वर करून आमच्याकडे बघत.

राखणीला माणूस मिळेना. बाया कापूस वेचायला गेल्या, गडी आगगाडीच्या सडकेवर माती टाकायला गेले. राहिला एकटा गणू. तो धावून धावून या टोकाचा कळप हाकलायचा, तोवर त्या टोकाला दुसरा शिरे. तुम्ही मला गोफण शिकवायला निघाला होतात, आठवतं? माझा पहिला दगड आपल्याच बैलाच्या पाठीत बसला. तुम्ही इतक्या हसलात की मी पुन्हा गोफणीला हात लावला नाही. शहरातून आलेल्या पोरीचा फुकटचा तोरा, दुसरं काय! पण तुम्ही थोडं कमी हसला असतात, तर?

शेवटी हे म्हणाले, बंदूक घेऊ. आपल्या घरातली पहिली बंदूक. परवाना काढला, तो अर्थात यांच्या नावाने. मग कापसाच्या बंड्यांबरोबर आम्ही अमरावतीला गेलो. मला अंबादेवीचं दर्शन घ्यायचं होतं, म्हणून मीही दमणीत बसले. बरोबर नबीखाँला घेतलं. पलटणीतून परत आल्यापासून तो गावात नुसता गप्पा मारत बसतो असं तुम्ही म्हणायच्या ना, त्याचा यंदा उपयोग झाला.

बोहऱ्याच्या दुकानापुढे आमची दमणी उभी राहिली. मी पडद्याआडून बघत होते. आधी यांनी दुनळी हातात घेतली. दोन नळ्या, पितळेची नक्षी, बघत राहावी अशी. नबीखाँने ती यांच्या हातातून काढून परत ठेवली.

"नव्या माणसाले दोन नळ्या नको, पाटील. एक भरली का दोन भरल्या, याद राहत नाई. भरलेलीतच पुन्हा दारू ठासते माणूस, आन मंग नळी त्याच्याच तोंडावर फुटते."

म्हणून एकनळी घेतली. ठासणीची, ठिणगीसाठी टोपी लावायची.

मग आत काय भरायचं यावर वाद सुरू झाला. यांना गोळी हवी होती. एक गोळी, एक काळवीट, हिशेब सरळ. नबीखाँ म्हणाला, "गोळी चुकली तं थांबते का? वावराच्या पल्याड बाया कापूस वेचून राहिल्या. थ्यायले पुसून जाईन का थे?" मग बारीक छर्रे. ते बोहऱ्याने एका वाटीत ओतून माझ्यापर्यंत पाठवले. मोहरीसारखे, थंड आणि जड. मी पडद्याआडून विचारलं, "याने हरीण मरतं का?" नबीखाँ म्हणाला, "मरत नाई बाई. कातडीत बसतात. हरीण पळून जाते आन आठ रोजानं कुठं तरी सडून मरते." मोठे छर्रे म्हणाल तर अगदी जवळून मारावे लागतात, आणि हरीण तितकं जवळ येऊ देतं कुठे?

मी विचारलं, "काहीच न भरता नुसता आवाज निघतो का?"

बोहरी हसला. "पाटील, बंदूक तुमाले पायजे का पाटलीणबाईले? इचारून तं थ्याच राहिल्या!"

"निघते ना," नबीखाँ म्हणाला. "दारू घाला, वरतून बोळा चांगला ठासा, टोपी लावा. हरणाले काय मालूम आत काय हाय?"

तसंच ठरलं. दारू, टोप्या, आणि बोहऱ्याने वरून दिलेल्या जाड पुठ्ठ्याच्या थोड्या चकत्या, नळीच्या तोंडाएवढ्या, बोळ्याच्या जागी ठासायला. छर्रे नको, गोळी नको. कुणाचा जीव न घेता वावर राखायचं! येताना मला किती बरं वाटत होतं, काय सांगू. वाटेत नबीखाँने दारूचं माप दाखवलं, टोपी कधी लावायची ते सांगितलं, नळी कुठे धरायची नि कुठे धरायची नाही तेही सांगितलं. चकत्या संपल्यावर बोळा कशाचा करायचा हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पोत्याचं तोंड कशानेही बांधता येतं, तसंच ते असेल असं मी धरून चालले.

पहिले काही दिवस हे स्वतः बार काढत. हरणं पळत. गणू टाळ्या पिटे. नबीखाँ लेकीकडे बाळापूरला निघून गेला. मग हे बंड्या घेऊन पुन्हा अमरावतीला गेले, आणि पुठ्ठ्याच्या चकत्या संपल्या.

त्या सकाळी ओसरीत आपलाच कापूस माझ्या डोक्याच्या वर रचलेला होता. मी त्यातला मूठभर घेतला. सरकी काढली, पिंजला, चांगला घट्ट गोळा केला. घरचा कापूस, स्वच्छ, पांढरा! पुठ्ठ्यापेक्षा हा बरा, असंच मला वाटलं. दारू घातली, कापूस गजाने ठासला. गणू म्हणाला, "म्या काढू का बार, बाई?" मी म्हटलं, नको, मी काढते. तुम्ही बसायच्या त्याच मचाणावर मी चढले आणि चाप ओढला.

खांद्याला असा हिसका बसला की मी मागे बसलेच. धूर, कानात घंटा, आणि हरणं नाल्यापार! पल्याडच्या पऱ्हाटीतून बायांनी आरोळी दिली, "पाटलीणबाईनं बार काढला वं माय!" मी हसत होते, सासूबाई. नळीतून उडालेला तो कापूस कुठे पडला, ते कुणी पाहिलं? मी तरी नाहीच.

मी घरी आले. गणू वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून चिलीम ओढत होता. थोड्या वेळाने त्याच्या पाठीमागच्या वाळल्या पाल्यातून धूर निघाला. वारा होता. वेचणाऱ्या बाया कमरेच्या ओट्यातला कापूस तिथेच टाकून धावल्या, तुरीच्या फांद्यांनी झोडपत सुटल्या, नाल्यातून घागरी आणल्या. त्यांच्यामुळे अर्धं वाचलं. त्यांतल्या हौसाच्या हाताला फोड आले. गणूच्या भुवया जळाल्या.

संध्याकाळी हे परत आले. खळ्यावर सगळे जमले होते. यांनी विचारलं, कसं झालं? कुणीतरी गणूच्या हातातल्या चिलमीकडे बोट दाखवलं. गणूने ती दगडावर आपटून फोडली आणि म्हणाला, "माह्याच चिलमीची ठिणगी उडाली असंन, मालक. दुसरं काय असंन?" हे चिडून बोलले. ते बोलणं तुम्हाला सांगण्यासारखं नाही. पाडव्याला गणूचं साल संपतं, तेव्हा त्याने दुसरीकडे बघावं, असंही म्हणाले. आणि राखायला माणूसच नाही, तेव्हा पुढल्या वर्षी नाल्याकाठीही पऱ्हाटीच टाकू, असंही.

त्या वेळी मला खरंच ठाऊक नव्हतं. एवढं तरी खरं धरा.

ठाऊक झालं ते चार दिवसांपूर्वी, हे बंड्या घेऊन अकोल्याला गेल्यावर. नबीखाँ परत आला, जळालेलं वावर बघून आला, आणि ओसरीत येऊन त्याने मला विचारलं, "बाई, बोळा कशाचा केला होता?" मी कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. तो खालीच बसला.

"कापूस? अरे बापा! कापूस इझत नाई बाई. जळतो तं दिसत बी नाई."

माझा विश्वास बसेना. मग आम्ही मागच्या मोकळ्या जागेवर गेलो. त्याने कापूस ठासून जमिनीकडे बार काढला. पांढरा पुंजका मातीवर पडला, अगदी निरुपद्रवी. मी वाकून तो काडीने उकलला. आतून लाल होता. बराच वेळ तसाच लाल राहिला. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, तरी होताच.

"काथ्याचा बोळा करतात, भिजवून पिळून," तो म्हणाला. "म्या सांगाले पायजे होतं. माही बी चूक हाय. म्या कोनाले बोलनार नाई, बाई. परवाना पाटलाच्या नावाचा, बार तुमी काढला. साहेबाच्या कानावर गेलं तं बंदूक बी जाईन आन पाटील बी कचेरीत उभे राहतीन."

मी मान हलवली. चार दिवस मान हलवूनच आहे.

या चार दिवसांत मी काय केलं ते सांगते. गणूच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. त्याला नवी घोंगडी दिली. त्याच्या भुवयांना लावायला खोबरेल दिलं. तो प्रत्येक वेळी आणखी खाली वाकतो. काल म्हणाला, "तुमचं वावर जाळलं म्या, आन तुमी मले लोनी देता, बाई?" मला तिथे उभं राहवेना.

आणि मग मला तुमचं तूप आठवलं.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमची चांदीची डबी हरवली, आणि तुम्ही आल्यागेल्यासमोर म्हणालात, "शयरातली पोट्टी हाय, कोनाले दिली असंन." पुढे ती डबी तुमच्याच जुन्या गाठोड्यात सापडली. मला ते कसं कळलं? त्या दिवसापासून माझ्या भातावर तुमच्या हातचं तूप जास्त पडू लागलं. दोन महिने पडत होतं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मीही नाही. पण आल्यागेल्यांना तर डबी सापडल्याचं कुणी सांगितलंच नाही! मी म्हातारी व्हायला आले, तरी हौसाची आई माझ्यासमोर कमरेची पिशवी चाचपते.

मला तूप नको होतं, सासूबाई. एक वाक्य हवं होतं. तुम्ही माझ्यावर माया केलीत, ती मी मोजत नाही. पण ते वाक्य तुम्ही द्यायला हवं होतं. हे आज पहिल्यांदाच तुम्हाला म्हणते आहे, राग मानू नका.

गणू पाडव्याला गेला तर कुठे जाईल? कामाला माणसं हवी आहेत, खरं. पण वावर जाळणाऱ्याला आपल्या कापसाच्या ढिगाजवळ कोण उभं करील? आणि तो गेला की नाल्याकाठी पऱ्हाटी लागलीच म्हणून समजा. पण खरं सांगू? वावरापेक्षा मला त्याचं वाकणं सहन होत नाही.

बंदूक मी टाकून देणार नाही. तिचा दोष नाही. काथ्या आणून ठेवला आहे. परवान्याचं जे व्हायचं ते होईल. हे रागावतील, बायका हसतील, बार काढणारी पाटलीण म्हणून माझं नावही पडेल. पडू दे.

उद्या बंड्या खळ्यावर सुटतात, तेव्हा सगळे असतात. गडी, वेचणाऱ्या बाया, हौसा, तिची आई, नबीखाँ. यांना मी आधी घरात सांगणार नाही. घरात सांगितलं तर ते घरातच राहील. गणूचं नाव ज्यांच्यासमोर गेलं, त्यांच्यासमोरच मी मोठ्याने सांगेन की बोळा मी केला, बार मी काढला, आग माझी. गणूने मला दोन शब्द सुनावले तर खाली मान घालून ऐकेन. आणि तो काहीच न बोलता पुन्हा वाकायला लागला, तर त्याला वाकू देणार नाही. हा माझा शब्द, तुम्हाला.

तुमची सून,
यमुना